त्रिस्तान द कुन्हा : ज्वालामुखीच्या पायथ्याशी परतलेले गाव

दक्षिण अटलांटिक महासागरातील त्रिस्तान द कुन्हा हे ब्रिटनच्या अखत्यारीतील ज्वालामुखीजन्य बेट. सर्वांत जवळची मानवी वस्ती सुमारे २,४०० किलोमीटरवरील सेंट हेलेना बेटावर आहे. १९६१ मध्ये अनेक आठवडे भूकंपाचे धक्के बसल्यानंतर ऑक्टोबरात बेटावरील एकमेव गावालगतची जमीन दुभंगून लाव्हारस उसळला. सुमारे २६४ रहिवाशांनी नौकांतून शेजारच्या निर्जन नाइटिंगेल बेटाचा आश्रय घेतला. पुढे केपटाउनमार्गे त्यांना इंग्लंडला नेण्यात आले. लाव्हारसाने शेवंडांवर प्रक्रिया करणारा कारखाना गिळला. घरे मात्र बहुतांशी बचावली. इंग्लंडमध्ये रोजगार व सुखसोयी मिळूनही १९६२ च्या मतदानात १४८ विरुद्ध ५ असा कौल मायभूमीच्या बाजूने पडला. १९६३ मध्ये बहुसंख्य बेटवासी त्याच ज्वालामुखीच्या पायथ्याशी परतले.