गर्भारपण आणि ओटीपोटाचा तळ : प्रस्तावना

खोकला आला, हसू आले की थोडी लघवी होते, हे आठव्या महिन्यातली बाई डॉक्टरांना क्वचितच सांगते. घरी बोललीच तर ‘पोटुशीपणी असं व्हायचंच’ एवढे ऐकून गप्प होते. प्रसूतिशास्त्र, परिचर्या, फिजिओथेरपी शिकणारे विद्यार्थी आणि जळगाव-धुळ्याच्या गावांत घरोघर जाणाऱ्या आशाताई यांनी या विषयात यावे, असे मला मनापासून वाटते ते यासाठीच.

ओटीपोटाचा तळ म्हणजे पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले स्नायू. मूत्राशय, गर्भाशय, मलाशय यांना त्यांचाच आधार. दिवस भरत येतात तसा बाळ, वार, गर्भजल आणि वाढलेले गर्भाशय मिळून पाचेक किलोंचा भार त्यांच्यावर येतो. संप्रेरकांमुळे ऊतीही सैलावलेल्या असतात.

आता खानदेशातली कापूसवेचणी पाहा. कमरेची ओटी पुढून भरत जाते, बाई वाकून सरीमागून सरी पुढे सरकते, संध्याकाळी गाठोडे डोक्यावर घेते. शेतात आडोसा नाही म्हणून पाणी कमी पिते, लघवी दाबून ठेवते. त्यात लोहाच्या गोळ्यांनी शौचाला खडा होते आणि कुंथण्याचा जोर याच स्नायूंवर पडतो. पुस्तकात ही चार वेगळी प्रकरणे असतात. इथे ती एकाच देहात भेटतात. म्हणून या स्नायूंचा व्यायाम शिकवण्याआधी ओझे, पाणी आणि शौच यांची चौकशी करावी, असे माझे ठाम मत आहे.

व्यायामाची शास्त्रीय मांडणी अमेरिकेतील डॉ. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये केली. नॉर्वेत २००३ मध्ये ३०१ पहिलटकरणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला: बारा आठवडे व्यायाम केलेल्यांना गर्भारपणाच्या अखेरीस आणि बाळंतपणानंतरही लघवी सुटण्याचा त्रास कमी झाला. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, आधी त्रास नसलेल्या गर्भवतींनी लवकर सुरुवात केली, तर शेवटच्या महिन्यांत लघवी सुटण्याचा धोका सुमारे ६२ टक्क्यांनी घटतो. आपल्याकडे मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी खाली उतरलेले गर्भाशय वर बांधण्याच्या शस्त्रक्रिया घडवल्या. पण शस्त्रक्रियेपर्यंत पोचण्याआधी बाईला कोणी तपासले का? डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ च्या ‘लॅन्सेट’मधील त्या निबंधानुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि पूर्वी तशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के.

शिकवणे सोपे आहे, घाई मात्र नको. वारा सरू नये म्हणून आपण जे आत आणि वर ओढून घेतो, तेच हे स्नायू. सहा ते आठ सेकंद धरायचे, श्वास चालू ठेवायचा, मग पूर्ण सैल सोडायचे. असे आठ-बारा वेळा, दिवसातून दोनदा. पोट, मांड्या आवळल्या तर चुकले. लघवीची धार अडवून सराव करू नये. सोडणे हा निम्मा व्यायाम आहे, कारण बाळ बाहेर येताना तेच लागते. शिंक येताना, हंडा उचलताना आधी हे स्नायू आवळावेत. रक्तस्राव किंवा अवेळी कळा असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवती सरकारी दवाखान्यात येतात. रक्तदाब मोजता मोजता विचारावे: खोकताना लघवी सुटते का, अंग खाली आल्यासारखे वाटते का? साक्री-शिंदखेड्याकडे अहिराणीत, यावल-रावेरला लेवा गणबोलीत, सातपुड्याच्या पाड्यांवर तिथल्या बोलीत. आणि शक्यतो सासू बाहेर बसलेली असताना.