चित्रपटाची झलक : फितीपासून अंकांपर्यंत

सन १९१२ मध्यें दादासाहेब फाळके विलायतेहून चित्रीकरणाचें यंत्र घेऊन मुंबईस परत आले, तेव्हां त्यांच्यापाशीं विद्या होती, यंत्र होतें. नव्हतें तें भांडवल. या देशांत कथापट तयार होऊं शकेल या कल्पनेवर पैसा लावण्यास कोण धजणार? फाळक्यांनीं वाटाणा पेरला, आणि त्याच्या वाढीचीं चित्रें दिवसामागून दिवस थोडीं थोडीं टिपून घेतलीं. पडद्यावर तें बीज प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत अंकुरलें आणि वाढीस लागलें. 'अंकुराची वाढ' या चिमुकल्या चित्रानें भांडवलाची वाट मोकळी केली. सरस्वतीबाईंचे दागिनेहि कर्जापायीं गहाण पडले. आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला.

वाटाण्याच्या त्या चित्रांत हरिश्चंद्र नव्हता, तारामती नव्हती. तरीहि येऊं घातलेल्या चित्रपटाचें वचन त्यांत होतें. आज जिला ट्रेलर किंवा झलक म्हणतात, तिचें मर्म हेंच आहे : पूर्ण कृति हातीं येण्यापूर्वीं तिच्याविषयीं विश्वास उत्पन्न करणें. शिकाऊ चित्रकर्त्याला या विश्वासाची गरज सर्वांत अधिक. कारण त्याच्या नांवावर अद्याप कांहींच जमा नसतें.

'ट्रेलर' या शब्दाचा मूळ अर्थ मागून ओढली जाणारी वस्तु. सन १९१३ मध्यें अमेरिकेंत मार्कस लो यांच्या नाट्यगृहांचे प्रसिद्धिप्रमुख निल्स ग्रॅनलुंड यांनीं 'द प्लेझर सीकर्स' या संगीत नाटकाच्या तालमींचीं दृश्यें जोडून एक छोटी जाहिरातफीत दाखविली. या प्रकारांत आद्यत्वाचा मान सामान्यतः तिला देतात. प्रारंभीं असे तुकडे मुख्य खेळाच्या शेपटास जोडलेले असत. पुढें ते खेळापूर्वीं आले. नांव मात्र जुनेंच राहिलें.

लवकरच चित्रपटकला हा विद्यालयांत शिकविण्याचा विषय झाला. सन १९१९ मध्यें मॉस्कोस सरकारी चित्रपटविद्यालय निघालें. ते यादवी युद्धाचे दिवस. कोरी फीत मिळणें दुरापास्त. तेव्हां लेव्ह कुलेशोव्ह यांच्या शिष्यांनीं फितीवांचूनच चित्रपट बसविले. म्हणजे कॅमेरा समोर आहे असें मानून दृश्यामागून दृश्य रंगमंचावर करून दाखविलें. पुढें सन १९६० मध्यें पुण्यास प्रभात स्टुडिओच्या आवारांत चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था उघडली. तेथेंहि विद्यार्थ्याच्या वाट्यास येणारी फीत मोजकीच असे.

या काटकसरीचें गणित सोपें आहे. पडद्यावर एका सेकंदास २४ चित्रें धांवतात. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या एका फुटांत १६ चित्रें मावतात. म्हणजे एका मिनिटास ९० फूट, आणि दोन मिनिटांच्या झलकेस १८० फूट. परंतु ते १८० फूट निवडण्यासाठीं त्याहून कितीतरी अधिक फीत धुवावी लागे, तिची प्रत काढावी लागे, आणि त्या प्रतीचे तुकडे करून ते टांगून ठेवावे लागत. कात्री प्रथम चाले ती प्रतीवर. मूळ निगेटिव्हला ती अगदीं शेवटीं लागे, आणि एकदां लागली कीं माघार नसे. एक दृश्य दुसऱ्यांत विरघळवावयाचें असो कीं चित्रावर अक्षरें उमटवावयाचीं असोत, काम रसायनशाळेंत जाई आणि फळाची वाट पाहावी लागे. मुख्य चित्रालाच जेथें पैसा पुरेना, तेथें झलकेची चैन विद्यार्थ्यास कोठून परवडणार?

चित्राचें अंकांत रूपांतर करून तें संगणकांत सांठवितां येऊं लागलें, तेव्हां हा बांध फुटला. सन १९८९ मध्यें अमेरिकेंत अ‍ॅव्हिड कंपनीचें डिजिटल संकलनयंत्र बाजारांत आलें. सन १९९६ चा 'द इंग्लिश पेशंट' हा डिजिटल पद्धतीनें संकलित होऊन संकलनाचें ऑस्कर पारितोषिक मिळविणारा पहिला चित्रपट ठरला. त्याचे संकलक वॉल्टर मर्च. मात्र हीं यंत्रें महागडीं होतीं. विद्यार्थ्याचे दिवस पालटले ते १९९५ मध्यें डीव्ही जातीचे छोटे डिजिटल कॅमेरे निघाल्यावर. सन १९९९ मध्यें अ‍ॅपल कंपनीनें संकलनाच्या दोन आज्ञावली आणल्या, आणि मेजावरच्या संगणकावर चित्रपट जोडतां येऊं लागला.

या नव्या पद्धतींत प्रत्यक्ष कापलें कांहींच जात नाहीं. कोणतें दृश्य कोठून कोठवर घ्यावयाचें, याची केवळ एक यादी संगणक ठेवतो. मूळ चित्रण जसेंच्या तसें राहतें. दृश्य विरघळविणें, अक्षरें घालणें, रंग सुधारणें, पार्श्वसंगीत चढविणें, हीं कामें विद्यार्थी एकाच बैठकींत करतो. एकाच झलकेचे दहा पाठ करून दहाहि मित्रांना दाखवितो. पसंत न पडलेला पाठ पुसण्यास त्याला कांहीं पडत नाहीं.

येथेंच एक नवी अडचण उभी राहते. फीत महाग होती तेव्हां कॅमेऱ्याची कळ दाबण्यापूर्वीं विचार करणें भाग पडे. दारिद्र्य हाच एक गुरु होता. आतां तो गुरु वर्गांतून निघून गेला आहे. तासन्‌तासांचें चित्रण फुकट सांठतें, आणि निवडीचा सारा भार शेवटच्या मेजावर येऊन पडतो. मग हौशी विद्यार्थी चित्रपटांतील उत्तम तें सारें झलकेंत ओततो. गोष्टीची गांठ तेथेंच सुटते, आणि पुढें पाहण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

दोन मिनिटांत आजहि २,८८० चित्रेंच मावतात. त्यांतलें कोणतें दाखवावें हें ठरविण्यास संगणक साह्य करील. कोणतें राखून ठेवावें, हें त्याला सांगतां येत नाहीं. फाळक्यांच्या भांडवलदारांनीं वाटाण्याचा कोंब तेवढा पाहिला. हरिश्चंद्र त्यांना पुढें पाहावयाचा होता. आजच्या विद्यार्थ्याच्या हातीं फाळक्यांहून शतपटींनीं समर्थ साधन आलें आहे. त्यानें झलक जोडण्यास बसतांना आपल्या चित्रांतील असा कोंब कोणता, हें प्रथम शोधावें, आणि तेवढाच दाखवावा.