शिसं वितळलं, चुना दगड झाला

१६६४ साली शिवाजी महाराजांनी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. पायाच्या दगडांत वितळलेलं शिसं ओतल्याचं सांगतात. शिसं सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. निवलं की पुन्हा तेच घट्ट शिसं.

चुना जास्त बेरकी. भट्टीत चुनखडी भाजली, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरते चुनकळी. पाणी पडताच ती तापते, फसफसते, विरते. मग तो चुना वाळूसह घाण्यात मळायचा. कित्येक किल्ल्यांवर या घाण्याचं दगडी चाक अजून पडलेलं दिसतं.

भिंतीतला चुना हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि चुनखडीच्याच पदार्थात बदलतो. म्हणजे शिशासारखाच चुनाही मूळ रूपात परततो. भाजलेली वीट मात्र भिजवून पुन्हा चिखल होत नाही. पुढच्या गडफेरीत मुलांना चुन्याच्या घाण्याचं ते चाक जरूर दाखवा.