ग्रेप आणि त्याची भावंडे

एका ओळीची आज्ञा देऊन हजारो ओळींतून हव्या तेवढ्याच गाळून घ्यायच्या, ही रीत न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल लॅब्जमध्ये जन्मली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांना युनिक्स या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी नवा पीडीपी-११ संगणक हवा होता. नुसत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर पैसे खर्च करायला वरिष्ठ तयार नव्हते, तेव्हा मजकूर-संस्करणाची यंत्रणा उभारून देण्याचे सांगून संगणक पदरात पाडून घेतला गेला. १९७१ मध्ये पेटंट विभागातील टंकलेखक त्यावर अर्ज तयार करू लागले. युनिक्सचे पहिले गिऱ्हाईक असे कारकुनी होते, आणि साध्या मजकुराच्या ओळी हीच त्या घराण्याची भाषा झाली.

डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात म्हटले होते की, बागेतल्या पाण्याच्या नळीचे तुकडे जोडावेत तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये ही सोय केली, तिलाच पाइप म्हणतात. एकीकडून बाहेर पडलेला मजकूर उभ्या रेघेच्या खुणेने थेट दुसरीकडे जातो, मधल्या फाइलची गरज उरत नाही.

नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी गाळून देणारा ग्रेपही त्याच वर्षीचा. ली मॅकमॅहन यांना ‘फेडरलिस्ट’ लेखांतील अनामिक लेखांचा कर्ता शैलीवरून ओळखायचा होता, पण ‘एड’ या संपादकाच्या स्मृतीत तेवढा मजकूर मावेना. थॉम्पसन यांनी एडमधला शोधाचा भाग सुटा काढून दिला. नावही एडमधल्या आज्ञेवरूनच पडले. शोधाच्या नमुन्यांमागचे गणित मात्र जुने होते. ते स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात मांडले आणि थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये त्याची जलद पद्धत प्रसिद्ध केली. पुढे मॅकमॅहन यांनी शोधून बदलणारा सेड लिहिला. १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांचा ऑक आला. तो ओळीचे रकाने पाडतो, म्हणून याद्या आणि हिशेबांना विशेष सोयीचा.

या कुळाची ऐट दिसली ती १९८६ मध्ये. जॉन बेंटली यांच्या सदरासाठी डोनाल्ड क्नूथ यांनी शब्दांची वारंवारता मोजणारा, कित्येक पाने भरतील असा प्रोग्रॅम लिहिला. त्याची तारीफ करून समीक्षक मॅकिलरॉय यांनी तेच काम पाइपने जोडलेल्या सहा आज्ञांत करून दाखवले. मात्र त्यातली पहिलीच आज्ञा ए ते झेड सोडून बाकी प्रत्येक चिन्ह शब्दाबाहेरचे मानते. तिला मराठी मजकूर दिला तर एकही शब्द शिल्लक राहणार नाही.

देवनागरीची खरी अडचण संगणकात ती कशी साठवली जाते, इथे होती. ग्वाल्हेरच्या थाटीपूर भागातील दर्पण कॉलनीचा पत्ता उदाहरणाला घ्यावा. हिंदी पट्ट्यातील टंकलेखनात रुळलेल्या कृतिदेव फॉन्टमध्ये पडद्यावर ‘दर्पण’ दिसते, फाइलमध्ये मात्र एन, आय, मोठा झेड, टिंब आणि के ही रोमन चिन्हे असतात. ग्रेपला ‘दर्पण’ शोधायला सांगितले तर हाती काहीच लागत नाही. ती रोमन चिन्हे दिली तरी टिंबाचा अर्थ ग्रेप ‘कोणतेही एक चिन्ह’ असा घेतो, त्यामुळे टिंबाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. शिवाय झेड म्हणजे रफार, आणि तो प नंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये नेताना सेडने त्याला उचलून प च्या आधी बसवावे लागते.

देवनागरीला ठरलेले संकेत देण्याच्या भारतीय प्रयत्नांतून इस्की हे मानक आले. आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आलेले भारतीय लिपींसाठीचे जिस्ट तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली. सप्टेंबर १९९२ मध्ये थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत युनिकोडची चिन्हे बाइटमध्ये साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीचा आराखडा केला. त्यात एका अक्षराचे बाइट दुसऱ्या अक्षराच्या पोटात सापडत नाहीत. म्हणून बाइट जुळवणारा जुना ग्रेपही ‘दर्पण’ बिनचूक शोधतो. ग्रेपच्या जनकानेच ही वाट मोकळी केली, हा योग मोठा गमतीचा.

मोजदादीत मात्र घोळ राहतो. ‘दर्पण’ची अक्षरे वाचणाऱ्याला ३ दिसतात, युनिकोडची चिन्हे ५ असतात आणि बाइट १५. ओळी क्रमाने लावणाऱ्या सॉर्टला मराठीचे नियम न सांगता नुसत्या संकेतांवर सोडले तर ‘काळ’ हा शब्द ‘कावळा’च्या आधी येतो, कारण तिथे ळ ची जागा ल च्या लगेच नंतर आहे, आपल्या वर्णमालेप्रमाणे ह नंतर नाही. क्ष तर क च्याच घरात राहतो.

द्विभाषिक ग्वाल्हेरात आणखी एक पेच आहे. हिंदीत ‘थाटीपुर’, मराठीत ‘थाटीपूर’. दोन्ही एकदम पकडायचे तर प आणि र यांच्यामध्ये दोन्ही उकार चौकटी कंसात द्यायचे: ‘थाटीप[ुू]र’. स्टेशनजवळच्या पडावचे प्रकरण याहून अवघड. हिंदीतला नुक्त्याचा ड एका संकेतानेही लिहिता येतो आणि ड व नुक्ता अशा दोन संकेतांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, ग्रेपला नाहीत. त्यात मराठीचा बिननुक्त्याचा ड तिसरा. म्हणून पत्त्यांच्या अशा मिश्र यादीवर ग्रेप चालवण्याआधी पाइपमध्ये सेडची एक आज्ञा घालतात. ती नुक्त्याच्या ड ची दोन्ही रूपे साध्या ड मध्ये बदलते, आणि मूळ फाइल आहे तशीच राहते.