अंदलुसचे परदेशी विद्यार्थी

स्पेनचे नाव निघाले की आपल्याकडे आवाज आपोआप जड होतो. कुर्तुबा, गरनाता, अल्‌हम्रा हे शब्द आपल्याकडे उर्दूतून आले आणि येतानाच दुःख घेऊन आले. नसीम हिजाजींच्या कादंबऱ्यांनी आपल्या वडिलांच्या पिढीला रडवले. इक्बाल १९३३ साली कुर्तुब्याच्या मशिदीत गेले आणि त्या भेटीतून उर्दूला एक थोर नज्म मिळाली. जलशातला वक्ता १४९२ सालापर्यंत येतो, गरनाता फर्डिनंड आणि इसाबेला यांच्या हाती जाते, श्रोते उसासा टाकतात आणि भाषण संपते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. अंदलुसचा विषय निघाला की मीही तो असाच संपवीत असे.

काही वर्षांपूर्वी दहावीचा निकाल लागल्यावर एका मुलीचे वडील शाळेत आले. ते टेम्पो चालवतात. मुलीला गुण चांगले होते आणि तिला शहरातल्या कॉलेजात विज्ञान शाखेला जायचे होते. त्यांनी हळू आवाजात विचारले, "सर, इसकी उर्दू की दसवीं उधर चलती क्या?" मी सांगितले, चालते; बोर्ड एकच, प्रमाणपत्रही एकच. तरी त्यांनी तोच प्रश्न तीनदा विचारला. ते गेल्यावर प्रश्न माझ्यापाशी राहिला. एका गावात मिळवलेले इल्म दुसऱ्या गावात चालते का? कोण ते चालवून घेते? हा प्रश्न मनात ठेवून मी अंदलुसचा इतिहास पुन्हा वाचायला घेतला, तेव्हा मला तिथे बादशहांपेक्षा विद्यार्थीच जास्त दिसू लागले.

पहिला विद्यार्थी अंदलुसमधून बाहेर गेलेला. याह्या इब्न याह्या हा तरुण इमाम मालिक यांच्याकडे शिकायला मदिन्याला पोहोचला. इमामसाहेबांचे निधन हिजरी १७९ (इ.स. ७९५) मधले, म्हणजे ही त्यांच्या उतारवयातली गोष्ट. सांगतात की एके दिवशी दर्स चालू असताना शहरात हत्ती आल्याची हाक उठली. सारे विद्यार्थी पाहायला धावले. याह्या मात्र जागचा हलला नाही. इमामसाहेबांनी विचारले, तुमच्या मुलुखात तर हत्ती नसतो, तू का गेला नाहीस? तो म्हणाला, मी एवढ्या लांबून आलो तो आपल्याकडून शिकायला, हत्तीसाठी नव्हे. तेव्हापासून इमामसाहेब त्याला अंदलुसचा शहाणा म्हणू लागले. आज 'मुवत्ता' म्हणून जो ग्रंथ सर्वाधिक छापला आणि वाचला जातो, तो याच याह्याच्या रिवायतीने आलेला आहे. मदिन्याच्या उस्तादाचे इल्म एका परदेशी विद्यार्थ्याच्या हातून जगभर टिकले.

त्या काळी विद्यापीठाचा शिक्का नव्हता. उस्ताद शिष्याला इजाजत देत असे, म्हणजे हा ग्रंथ याने माझ्यापाशी वाचला आहे, आता हा तो पुढे शिकवू शकतो, अशी सनद. ती दुसऱ्या शहरात चालत असे, कारण तिथले लोक त्या उस्तादाला ओळखत. कुर्तुब्याचा मुलगा मदिन्यात, कैरोत, बगदादेत शिकून परत आला, तर 'तुझे तिकडचे शिक्षण इथे चालणार नाही' असे त्याला कोणी म्हणत नसे. उलट त्याने लांबचा प्रवास केला यातच त्याचा मान होता.

मग वाट उलटी वाहू लागली. १०८५ साली टोलेडो, म्हणजे आपले तुलैतुला, अल्फोन्सो सहाव्याने घेतले. राज्य बदलले, पण अरबी किताबे आणि अरबी जाणणारी माणसे तिथेच राहिली. बाराव्या शतकात इटलीतल्या क्रेमोना गावचा जेरार्ड टॉलेमीच्या 'अल्माजेस्त'च्या शोधात टोलेडोला आला. ग्रंथ मुळात ग्रीक होता, पण त्याला तो सापडला अरबीत. म्हणून तो आधी अरबी शिकला. ११७५ मध्ये त्याने तो लॅटिनमध्ये आणला आणि ११८७ मध्ये मरेपर्यंत सत्तरच्या आसपास ग्रंथ भाषांतरित केले. इब्न सीनांचा 'अल्‌कानून' त्यातलाच. या कामात त्याला गालिब नावाच्या अरबी जाणणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती माणसाची मदत होती. ही माहिती आपल्याला मिळते ती मॉर्लीच्या डॅनियलकडून. हा इंग्रज विद्यार्थी आधी पॅरिसला गेला होता. तिथले उस्ताद मोठमोठी पुस्तके समोर मांडून बसतात पण त्यांना येत काही नाही, असे त्याचे मत झाले. मग तो टोलेडोला गेला आणि किताबांचा मोठा साठा घेऊन इंग्लंडला परतला. आपल्या घरचे इल्म कमी पडते, हे कबूल करायची हिंमत या दोघांत होती.

गरनात्यात १३४९ साली सुलतान यूसुफ पहिला याने जामा मशिदीसमोर मदरसा बांधला. सुमारे त्याच वेळी इब्न बतूता तिथे येऊन गेला. आपल्या दौलताबादचे वर्णन करणारा हाच तो प्रवासी. गरनात्यात त्याला दूरदेशीचे फकीर भेटले: समरकंदचे, तब्रीझचे, कोन्याचे, खुरासानचे आणि दोघे हिंदुस्थानचे. सातशे वर्षांपूर्वी तिथे आपल्याकडची दोन माणसे घर करून राहिली होती.

यानंतरचा भाग दुःखाचा आहे आणि तो लपवायचे कारण नाही. १४९१ च्या तहात मुसलमानांना धर्म पाळण्याचे वचन दिले होते. ते टिकले नाही. टोलेडोचा आर्चबिशप सिस्नेरोस १४९९ मध्ये गरनात्यात आला आणि १५०० च्या सुमारास बिब-रम्ला चौकात अरबी किताबांची होळी झाली. वैद्यकाचे काही ग्रंथ तेवढे वाचले. ते त्यानेच स्थापलेल्या आल्कालाच्या विद्यापीठाला पाठवले गेले. मदरशाची इमारत नगरसभेची कचेरी झाली. १५३१ मध्ये बादशहा पाचव्या चार्ल्सच्या काळात गरनात्यात नवे विद्यापीठ निघाले.

आपले भाषण इथेच संपते. विद्यार्थी मात्र थांबले नाहीत. १९२७ साली एमिलिओ गार्सिया गोमेस हा स्पॅनिश तरुण शिष्यवृत्ती घेऊन कैरोला गेला. तिथे अहमद झकी पाशांनी त्याला एक हस्तलिखित दिले. तेराव्या शतकात अंदलुसच्या इब्न सईदने कैरोत बसून संकलित केलेला हा अंदलुसी कवितांचा संग्रह होता. त्यातून १९३० मध्ये गार्सिया गोमेसचे स्पॅनिश भाषांतर निघाले आणि लोर्काच्या पिढीने ते आवडीने वाचले. १९३२ मध्ये गरनात्याच्या अल्बायसिन मोहल्ल्यात अरबी अभ्यासाची संस्था सुरू झाली. तिचा पहिला संचालक हाच. होळी करणाऱ्यांच्या देशातला एक मुलगा कैरोत गेला आणि आपल्याच भूमीची हरवलेली कविता घरी घेऊन आला. ती त्याच्या हाती देणारा मुसलमान होता.

आणि एक बाई. रोमची सोफिया कोराडी १९५८ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन परतली. तिकडचा अभ्यास इकडे धरा, असा अर्ज तिने केला. तो फेटाळला गेला आणि वर अपमानही झाला. टेम्पोवाल्या भावांचाच प्रश्न, उत्तर मात्र उलटे. तिने पुढची अनेक वर्षे या एका गोष्टीसाठी झगडा दिला. १९८७ मध्ये अकरा देशांनी 'इरॅस्मस' ही विद्यार्थी-विनिमय योजना सुरू केली. स्पेन त्यात होता. पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी गेले. कोराडीबाईंचे निधन २०२५ मध्ये झाले, तोवर ही संख्या कित्येक लाखांवर गेली होती. योजनेचा जीव शिष्यवृत्तीत नाही, मान्यतेत आहे. जाण्याआधीच दोन्ही विद्यापीठे आणि विद्यार्थी लेखी ठरवतात की तिकडचे कोणते विषय इकडे धरले जातील. पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक, आणि ते दोन्हीकडे सारखे. जुन्या इजाजतीचेच हे नवे रूप म्हणावे. सनद आता उस्तादाच्या ओळखीवर नव्हे, कराराच्या कागदावर चालते.

या योजनेत परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या युरोपातल्या आघाडीच्या विद्यापीठांत गरनात्याचे नाव येते. यूसुफचा मदरसा आज त्याच विद्यापीठाच्या ताब्यात आहे. त्याचा नक्षीदार नमाजखाना शाबूत आहे आणि देशोदेशीची मुले दाराशी उभी राहून तो पाहतात. २००४ पासून 'इरॅस्मस मुंडुस'मार्फत भारतीय मुलामुलींनाही युरोपात शिष्यवृत्त्या मिळत आल्या आहेत. त्यांत आपली मुले किती, हा प्रश्न जलशात कोणी विचारीत नाही.

मी आता हा विषय १४९२ वर संपवीत नाही. रडू नये असे मी म्हणत नाही. किताबे जळाली त्याचे रडू येणारच. पण आपल्या वस्तीतली हुशार मुलगी केवळ 'उधर चलती क्या' या भीतीने घरी बसली, तर ती होळी कोणत्या सिस्नेरोसने केली? ती मुलगी त्या वर्षी कॉलेजात गेली. पहिले सहा महिने वर्गातली भाषा तिला जड गेली, पण ती टिकली. पुढच्या वर्षी वडिलांनी धाकटीलाही आणले. या खेपेस त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. प्रवेशाची शेवटची तारीख विचारली.