गोठण-शुष्कन : इतिहास

पदार्थ प्रथम गोठवून त्यातील बर्फाचे, द्रवरूपात येऊ न देता, सरळ वाफेत रूपांतर करावयाचे व अशा रीतीने जलांश काढून टाकावयाचा, या परिरक्षण-पद्धतीस गोठण-शुष्कन म्हणतात. घन, द्रव व वायू या तिन्ही अवस्थांत पाणी एकाच वेळी ०·०१° से. तापमानास व पाऱ्याच्या सु. ४·६ मिमी. दाबास राहू शकते. बाष्पाचा दाब याहून कमी ठेवल्यास बर्फ न वितळता उडून जातो. कापूर हवेत विरतो तशीच ही क्रिया असून तिला संप्लवन म्हणतात. उन्हात वाळविलेल्या भाजीत पाणी पृष्ठभागाकडे सरकताना विद्राव्य शर्करा व लवणे आपल्याबरोबर ओढून आणते. भाजी आक्रसते व वरचा थर कठीण होतो. गोठलेल्या पदार्थात अशी हालचाल जवळजवळ होत नाही. बर्फाचा स्फटिक जेथे होता तेथे पोकळी राहते, मूळ आकार टिकतो व पाणी घालताच ते पोकळ्यांत शिरून पदार्थ काही मिनिटांत बहुतांशी पूर्ववत होतो. जलांश १ ते ३ टक्क्यांपर्यंत उतरल्याने सूक्ष्मजीवांची वाढ थांबते. ते मरतात असे मात्र नव्हे. किंबहुना जंतूंचे संवर्ध वर्षानुवर्षे जिवंत ठेवण्यासाठी प्रयोगशाळांत हीच पद्धत वापरतात.

या पद्धतीच्या इतिहासाचा प्रारंभ बहुधा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतापासून केला जातो. पेरू व बोलिव्हिया या देशांत, टिटिकाका सरोवराभोवतालच्या सु. ३,८०० मी. उंचीच्या पठारावर, क्वेचुआ व आयमारा शेतकरी बटाट्यांपासून ‘चून्यो’ करतात. जून-जुलै हा तेथील हिवाळा. रात्री कडाक्याचे हिम पडते, दिवसा आकाश निरभ्र असून ऊन प्रखर असते व हवा अत्यंत कोरडी असते. लहान बटाटे गवतावर पसरून काही रात्री गोठू देतात. नंतर त्यांचे ढीग करून ते अनवाणी पायांनी तुडवितात. त्यामुळे पाणी निथळते व साल सुटते. पुढे ते उन्हात वाळविले म्हणजे काळपट, वजनाला हलका व वर्षानुवर्षे टिकणारा चून्यो तयार होतो. गोठलेले बटाटे वाहत्या पाण्यात दीर्घकाळ ठेवून मग वाळविले, तर ‘तुंता’ हा पांढरा प्रकार मिळतो. हिमाला दाद न देणाऱ्या बटाट्याच्या काही जाती विषारी ग्लायकोआल्कलॉइडांमुळे कडू असतात. पाण्याबरोबर ही द्रव्ये पुष्कळशी निघून जात असल्याने, एरवी खाण्यास अयोग्य असे पीक या युक्तीने अन्न ठरले.

इंका राज्यकर्त्यांच्या कोठारांत चून्योचा साठा असे. स्पॅनिश इतिवृत्तकार पेद्रो सिएसा दे लेऑन याने १५५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात चून्योचे वर्णन केले असून तो पोतोसीच्या चांदीच्या खाणींवर नेऊन विकल्याने अनेक स्पॅनिश लोक धनवान होऊन मायदेशी परतले, असेही नमूद केले आहे. पिकविणारे व तुडविणारे पठारावरील शेतकरी आणि खाऊन खाणीत राबणारेही त्यांचेच भाईबंद, नफा मात्र तिसऱ्याचा, असा हा व्यापार होता.

चून्यो हे जगातील पहिले गोठण-शुष्कित अन्न, हे विधान वारंवार केले जाते. ते अर्धेच खरे आहे. चून्योतील बहुतेक पाणी वितळून व पिळून जाते; कोरड्या हवेत संप्लवनाने जाणारा भाग त्यामानाने अल्प असतो. जपानमधील कोया पर्वताच्या नावाने ओळखला जाणारा गोठवून वाळविलेला टोफू व सागरी शैवलांपासून केलेले कांतेन यांविषयीही असेच म्हणता येईल.

निर्वाताचा उपयोग यूरोपीय प्रयोगशाळांतून आला. बाष्पीभवनाने पाणी स्वतःच गोठते, हे विल्यम वुलस्टन यांनी १८१३ मध्ये प्रयोगाने दाखविले. रिखार्ट आल्टमान यांनी १८९० च्या सुमारास ऊतके गोठवून वाळविली. १९०६ मध्ये पॅरिस येथे बोर्दा व दार्सोंव्हाल यांनी आणि १९०९ मध्ये अमेरिकेत एल्. एफ्. शॅकेल यांनी निर्वात शुष्कनाचे प्रयोग केले. १९३५ मध्ये फ्लॉसडॉर्फ व मड यांनी रक्तरस टिकविण्यासाठी ही पद्धत व्यवहार्य केली. दुसऱ्या महायुद्धात शुष्क रक्तद्रवाची बाटली ऊर्ध्वपातित पाण्याच्या बाटलीसह आघाडीवर पोहोचू लागली. तेथे बर्फपेटीची सोय नव्हती. या पुडीमुळे असंख्य जखमींचे प्राण वाचले. अन्नधंद्याने ही विद्या उचलली ती त्यानंतर.

अन्नाच्या बाबतीत खरी अडचण काळाची व खर्चाची होती. एक किग्रॅ. बर्फाचे संप्लवन होण्यास सु. ६८० किलोकॅलरी उष्णता लागते; पण वाळलेला सच्छिद्र थर उष्णतेचा दुर्वाहक असल्याने ती आतील बर्फापर्यंत सावकाश पोहोचते. उष्णता वाढवावी तर बर्फ वितळतो. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील सरकारी प्रायोगिक कारखान्यात १९५० नंतरच्या दशकात, तापपट्ट व अन्न यांमध्ये धातूची जाळी ठेवून वाफेला वाट करून देण्यात आली व त्यामुळे शुष्कनाचा काळ बराच घटला. या त्वरित गोठण-शुष्कनाचा अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६५ च्या सुमारास कॉफीची पूड बाजारात आली. तिच्यात स्वाद टिकतो व ग्राहक त्याची किंमत मोजतो, म्हणून ती स्थिरावली. अमेरिकेच्या जेमिनी अंतराळयानांतही (१९६५-६६) असे अन्न पाणी घालून खाल्ले जाई.

भारतात म्हैसूर येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या संरक्षण खाद्य संशोधन प्रयोगशाळेत सैन्यासाठी या पद्धतीवर काम झाले. हिमालयातील ठाण्यांवर वजन कमी असणे हा मोठा गुण होय. तथापि तेथे खाण्यापूर्वी बर्फ वितळवून पाणी करावे लागते व त्यासाठी इंधन वाहून न्यावे लागते, हे वजनाच्या हिशेबात धरलेच पाहिजे. सामान्य भारतीयाच्या जीवनाला या तंत्राचा स्पर्श अन्नातून नव्हे, तर लशीतून झाला. द्रवरूप देवीची लस उष्म्याने निकामी होई; गोठण-शुष्कित लस उष्ण हवेतही टिकल्याने १९७५ पर्यंत देशातून देवीचे उच्चाटन करणे सुकर झाले.

गोठण-शुष्कित अन्न सच्छिद्र असल्याने हवेतील ऑक्सिजन व ओल झपाट्याने शोषते. स्निग्ध पदार्थ खवट होतात. म्हणून ते नायट्रोजन भरून ओलाव्याला अभेद्य अशा पाकिटांत बंद करतात. पावसाळ्यात, विशेषतः किनारपट्टीवर, पाकीट फोडल्यानंतर त्यातील पदार्थ लगेच वापरणे आवश्यक असते.