तंजावूर: भारनियमनाची बॅटरी आणि गज चक्रीवादळ

सरफोजी राजे १७९८ मध्ये तंजावूरच्या गादीवर आले. दोनच वर्षांनी व्होल्टाने आपली विद्युतघटमाला जाहीर केली. मध्यमवर्गीय घरांत बॅटरी रुळली ती मात्र २०१२च्या सुमाराच्या भीषण भारनियमनात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत १.८ किलोवॉट-तास ऊर्जा मावते. पंखा व दिवे मिळून १०० वॉट धरले, तर कागदावर १८ तास. बॅटरीचे आयुष्य राखायचे तर त्याच्या निम्मेच. भारनियमनात तेवढे पुरे, कारण मधूनमधून वीज येई.

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळाने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात हजारो वीजखांब आडवे केले. कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. बॅटरी शाबूत, ती भरायची कशाने? छतावरचे सौर पॅनेलही इथे फसवे. ग्रिडशी जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर वीज जाताच बंद पडतो, आणि तो मुद्दाम तसा घडवलेला असतो: तारा जोडणाऱ्या कामगाराच्या जिवासाठी.